रोलप्रमाणे मेनू दाखवायचाय? आधी कामांची यादी करा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. गावच्या दूध संस्थांसाठी तुम्ही साध्या पीएचपीत, कुठलंही फ्रेमवर्क (तयार सांगाडा) न घेता, ॲप्लिकेशन लिहिलंय. डेटाबेस मायएसक्यूएल. युजरच्या टेबलमध्ये रोल नावाचा एक कॉलम आहे आणि त्यात सचिव, टेस्टर (दूध तपासणारा), चेअरमन, सभासद यांपैकी एक शब्द. लॉगिन झालं की तो रोल सेशनमध्ये (लॉगिन असेपर्यंत सर्व्हर त्या माणसाची जी माहिती लक्षात ठेवतो त्यात) जातो आणि त्यावरून चारपैकी एक हेडर फाईल, म्हणजे पानाचा मेनू असलेला वरचा भाग, इन्क्लूड होते. आता ऑडिटरसाठी पाचवी फाईल करायची वेळ आलीय. शिवाय एका संस्थेत सचिवच सकाळी टेस्टिंगला बसतो, त्याला कुठला हेडर द्यायचा यावर गाडी अडलीय. तुम्ही विचारलंय की रोलप्रमाणे मेनू दाखवायची बरोबर पद्धत कोणती.

मी कोल्हापुरात अठरा वर्षं हेच काम करतोय. दूध संस्था, पतसंस्था, उद्यमनगरातले फाउंड्रीवाले, मार्केट यार्डातले गुळाचे अडते, सगळ्यांकडे हा प्रश्न कधी ना कधी येतोच. त्यावरून सांगतो: तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. कोणाला काय दिसावं हा एक. कोणाला काय करता यावं हा दुसरा. तुम्ही पहिला विचारलाय, पण सचिव-टेस्टरचा जो पेच पडलाय तो दुसऱ्यातून आलाय. दुसरा सोडवला की पहिला जवळजवळ आपोआप सुटतो. उलट्या बाजूनं गेलात तर पाचवी फाईल होईल, मग सहावी होईल.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. एकच संस्था, दोनच माणसं, आणि पुढची पाच वर्षं त्यात बदल होणार नाही अशी खात्री असेल तर हेडरमध्ये एक इफ लावून काम भागतं, तिथे टेबलं वाढवत बसू नका. पण तुम्ही एकच सॉफ्टवेअर अनेक संस्थांना देणार आहात. प्रत्येक गावात कामाची वाटणी वेगळी असते. कुठे मापाडी वेगळा, टेस्टर वेगळा, कुठे दोन्ही एकच माणूस. कुठे दरपत्रक सचिव भरतो, कुठे चेअरमनला विचारल्याशिवाय दराला हात लावायचा नाही असा दंडक. तेव्हा तुमच्या बाबतीत थोडी जास्त मांडणी आत्ताच केलेली बरी.

आता चार हेडर फायलींचं. सुरुवातीला ही पद्धत सोपी वाटते आणि मीही असंच करायचो. अडचण अशी की मेनूतल्या बहुतेक ओळी चारही ठिकाणी सारख्या असतात. मुख्य पान, पासवर्ड बदला, लॉगआउट, संकलन पाहा. एक लिंक बदलायची म्हटलं की चार फायली उघडाव्या लागतात, तीन बदलल्या जातात आणि चौथी राहते. ती चौथी सभासदाची असते, कारण सभासद म्हणून लॉगिन करून आपण कधी बघत नाही. चुकीचा पत्ता असलेली लिंक मग महिनाभर तशीच पडून राहते आणि कोणी सांगतही नाही, लोकांना वाटतं ते पान अजून झालेलंच नाही.

पण त्याहून मोठं काय ते एका प्रसंगावरून सांगतो, कारण त्या दिवसापासून माझी पद्धत बदलली.

करवीर तालुक्यातली एक संस्था. तिथला सचिव दोन महिने आजारी होता, तेव्हा टेस्टरला तात्पुरते सचिवाचे राइट्स दिले होते. सचिव परत आल्यावर मी टेस्टरचा रोल पूर्ववत केला. त्याच्या मेनूतून 'दरपत्रक' गेलं, आम्ही दोघांनी स्क्रीनवर बघून खात्रीही केली. काही आठवड्यांनी दूध संघाकडून गायीच्या दुधाच्या नव्या दराचं परिपत्रक आलं. सचिव त्या दिवशी तालुक्याला गेला होता. टेस्टर सकाळच्या संकलनाआधी कॉम्प्युटरवर बसला, ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी दोन अक्षरं टाईप केली आणि ब्राउझरनं दरपत्रकाचा जुना पत्ता पुढे केला. एंटर दाबलं, पान उघडलं. त्यानं चांगल्या मनानं नवा दर भरला. दुसऱ्या दिवशी सचिवानंही तोच दर भरला, पण लागू तारीख वेगळी टाकली. दहा दिवसांचं बिल निघालं तेव्हा गायीच्या दुधाच्या कित्येक सभासदांच्या रकमा चुकल्या होत्या. बिलाच्या दिवशी संस्थेच्या दारात माणसं उभी असतात. कोणाला पशुखाद्याची उधारी वजा करून उरलेल्या पैशात पोराची फी भरायची असते. आम्ही दोन रात्री बसून वहीवरून सगळं पुन्हा काढलं.

टेस्टरचं काहीच चुकलं नव्हतं. माझ्या पानानं त्याला आत घेतलं होतं. त्या पानावर एवढाच चेक होता की माणूस लॉगिन आहे का. राइट्सचा विचार फक्त मेनू काढताना केला होता. मेनू म्हणजे दारावरची पाटी. पाटी काढली म्हणून दाराला कुलूप लागत नाही.

ही एकट्याची चूक नव्हती. वेब ॲप्लिकेशनच्या सुरक्षिततेवर काम करणारी ओवॅस्प संस्था दर काही वर्षांनी दहा मोठ्या धोक्यांची यादी काढते. २०१७ च्या यादीत परवानगी नीट न तपासण्याचा धोका पाचव्या क्रमांकावर होता, २०२१ च्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर आला. म्हणजे तुमच्या प्रश्नाच्या पोटात जे आहे तेच जगभर सगळ्यात जास्त चुकतं. म्हणून मी मेनूवर यायला वेळ घेतोय.

रोलचं नाव कोडमध्ये जागोजागी लिहू नका. 'रोल सचिव असेल तर' अशी अट आज एका ठिकाणी आहे, वर्षभरात ती साठ ठिकाणी होईल. मग ऑडिटर आला की प्रत्येक ठिकाणी 'किंवा ऑडिटर असेल तर' जोडत बसायचं. त्याऐवजी कोडनं कामाबद्दल विचारावं: या माणसाला दर बदलता येतो का? याला बिल तयार करता येतं का? माणूस सचिव आहे की आणखी कोण, हे पानाला कळायची गरजच नाही. ही कल्पना जुनी आहे. १९९२ साली अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेतल्या डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून यांनी ती नीट मांडली: माणसाला रोल द्यायचा, रोलला परवानग्या द्यायच्या, माणसाला थेट परवानगी द्यायची नाही. तुमच्या रचनेत मधली पायरीच नाही. रोल आहे, पण रोलखाली परवानग्या नाहीत.

म्हणून कॉम्प्युटर बंद करा, वही घ्या आणि संस्थेत एक सकाळ, एक संध्याकाळ जाऊन बसा. कोण काय करतं ते लिहा, पदाचं नाव न लिहिता. दूध मोजून नोंद करणे. फॅट-एसएनएफ (दुधातलं फॅट आणि फॅट सोडून बाकीचे घन घटक) भरणे. चुकलेली नोंद दुरुस्त करणे. दरपत्रक पाहणे. दरपत्रक बदलणे. पशुखाद्य उधारीवर देणे. दहा दिवसांचं बिल तयार करणे. बिल मंजूर करणे. सभासद वाढवणे. अहवाल पाहणे. अहवाल छापणे. माझ्या अनुभवात लहान संस्थेत ही यादी वीस-पंचवीस ओळींच्या पुढे जात नाही. यात 'दर पाहणे' आणि 'दर बदलणे' वेगळं ठेवलंय तिकडे लक्ष द्या. ऑडिटरला सगळं पाहायचं असतं आणि काहीच बदलायचं नसतं. ही फोड केली नसेल तर ऑडिटरसाठी काहीतरी खास करावं लागतं, केली असेल तर ऑडिटर हा आणखी एक साधा रोल होतो. तसंच बिल तयार करणे आणि मंजूर करणे. जिथे पैसा जातो तिथे ही दोन कामं वेगळी ठेवा, मग एखाद्या गावात ती एकाच माणसाला द्यावी लागली तरी चालेल.

टेबलं पाच. युजर, रोल, परवानगी, आणि दोन जोडणारी: कोणत्या युजरला कोणते रोल, कोणत्या रोलला कोणत्या परवानग्या. युजरच्या टेबलमधला तुमचा रोलचा कॉलम काढून टाका. जोडणारं टेबल आलं की एका माणसाला दोन रोल देता येतात आणि तुमचा सचिव-टेस्टर तिथेच सुटतो. त्याच्या दोन्ही रोलच्या परवानग्या एकत्र करायच्या, दुबार आलेल्या काढायच्या, झालं. 'हा रोल असेल तर ते काढून घ्या' असले नकाराचे नियम आणू नका. परवानग्या फक्त वाढतात, वजा होत नाहीत, हा नियम पाळला तर कोणाला काय येतं हे टेबल बघून सांगता येतं. नकार आले की दोन अनुभवी माणसांचीही उत्तरं जुळत नाहीत.

आता कोड. एक फंक्शन लिहा आणि सगळ्या ॲप्लिकेशननं त्यालाच विचारावं. त्याला एकच गोष्ट द्यायची, परवानगीचं नाव. ते हो किंवा नाही म्हणतं. नाव काहीही ठेवा, पीएचपीत फंक्शनचं नाव देवनागरीतही चालतं, फक्त पुढे दुसऱ्या कोणाला ते टाईप करावं लागणार हे लक्षात ठेवा. आत फार काही नसतं: चालू युजरच्या परवानग्यांचा ॲरे (यादी) आणि त्यात हे नाव आहे का एवढा शोध. पण तीन बारकावे आहेत. यादीत नाव सापडलं नाही तर उत्तर 'नाही'. युजरच नसेल तरी उत्तर 'नाही'. आणि परवानगीचं नाव टाईप करताना चुकलं, टेबलमध्ये अशी परवानगीच नाही, तर नुसतं 'नाही' म्हणून गप्प बसू नका, एरर टाका. नाहीतर एक अक्षर चुकल्यामुळे लिंक दिसत नाही आणि तुम्ही अर्धा दिवस डेटाबेस तपासत बसता. पीएचपी ८.१ किंवा पुढची आवृत्ती असेल तर परवानग्यांची नावं ईनममध्ये (ठरावीक नावांच्या बंदिस्त यादीत) ठेवा, नावात चूक झाली की तिथल्या तिथे कळेल.

इन-ॲरे हे फंक्शन वापरत असाल तर त्याला तिसरं मूल्य ट्रू द्या, म्हणजे ते प्रकारासकट तुलना करेल. साध्या दोन बरोबरच्या चिन्हांनी तुलना करू नका, तीन वापरा. पीएचपी ८ च्या आधी शून्य हा आकडा आणि कुठलाही अक्षरी शब्द दोन बरोबरच्या चिन्हांनी तपासला तर पीएचपी ते सारखे आहेत म्हणायचं. रोलचा क्रमांक शून्य असलेला सभासद 'ॲडमिन' या शब्दाशी तपासला की ॲडमिन ठरायचा. स्वस्त होस्टिंगवर पीएचपी ७ अजून चालू सापडतं, तेव्हा हे जुनं दुखणं समजू नका.

मेनू आता शेवटी येतो. हेडर फाईल एकच ठेवा. मेनूची यादी वेगळ्या फाईलमध्ये ॲरे म्हणून लिहा. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी: काय लिहून दाखवायचं, पत्ता कोणता, कोणती परवानगी लागते, आणि पोटमेनू असेल तर तशाच नोंदींचा आतला ॲरे. मग यादीवरून एक फेरा मारायचा. प्रत्येक नोंदीसाठी त्या एकाच फंक्शनला विचारायचं, नाही म्हणालं की नोंद गाळायची. पोटमेनू असेल तर आधी आतल्या नोंदी गाळा, आणि आत काहीच उरलं नाही तर वरचं शीर्षकही गाळा. हे बरेच जण विसरतात. सभासदाला 'हिशेब' असं शीर्षक दिसतं, तो माऊस नेतो आणि खाली काही उघडत नाही. त्याला वाटतं आपलंच काही चुकलं. उरलेली यादी एचटीएमएलमध्ये काढताना मजकूर एचटीएमएल-स्पेशल-चार्स या फंक्शनमधून न्या, म्हणजे मजकुरातली चिन्हं एचटीएमएल म्हणून चालत नाहीत. यादी तुमच्याच हातची असली तरी सवय म्हणून न्या, उद्या तीच नावं डेटाबेसमधून येतील.

मेनूची यादी डेटाबेसमध्ये ठेवावी का, असं पुष्कळजण विचारतात. माझं मत, नको. पानं कोडमध्ये आहेत, तर त्यांची यादीही कोडसोबतच राहावी. नवं पान आणि त्याची मेनूतली ओळ एकाच वेळी सर्व्हरवर जायला हवी. कुठल्या रोलला कुठली परवानगी, ते मात्र डेटाबेसमध्येच हवं, कारण ते गावागणिक बदलतं.

न येणारी गोष्ट लपवायची की पुसट करून दाखवायची? मेनूत मी लपवतो. पानाच्या आत मात्र कधी कधी पुसट दाखवतो. उदाहरणार्थ 'बिल मंजूर करा' हे बटण सचिवाला पुसट दिसतं आणि शेजारी लिहिलेलं असतं की मंजुरी चेअरमनकडे आहे. त्यामुळे बिल कुठे अडकलंय हे त्याला कळतं आणि मला फोन येत नाही. ज्याचा त्या माणसाच्या कामाशी संबंध आहे ते पुसट दाखवा, ज्याचा नाही ते दाखवूच नका.

आता कुलूप. प्रत्येक पानाच्या अगदी पहिल्या ओळींत, एचटीएमएलचं एक अक्षरही बाहेर पडायच्या आधी, त्याच फंक्शनला विचारायचं. मेनूत दरपत्रकाच्या नोंदीला जी परवानगी लिहिलीय, तीच पानावर. ती दोनदा लिहायची नसेल तर सगळ्या विनंत्या (ब्राउझरनं केलेल्या पानांच्या मागण्या) एका इंडेक्स फाईलमधून जाऊ द्या आणि पत्ता, पान, परवानगी यांची एकच यादी करा. मेनूही त्याच यादीतून काढा. मग दोन्हींत फरक पडायला जागाच राहत नाही. आणि यादीत पान आहे पण परवानगीचा रकाना रिकामा आहे, तर ते पान सगळ्यांना बंद समजा. लॉगिन, पासवर्ड विसरलो अशी दोन-तीन पानं सगळ्यांना उघडी असतात, ती नावानिशी उघडी लिहा.

चेकमध्ये नापास झाल्यावर काय करायचं? लॉगिनच नसेल तर लॉगिनच्या पानावर पाठवा. लॉगिन आहे पण परवानगी नाही, तर ४०३ (परवानगी नाही) हा कोड द्या आणि साध्या मराठीत सांगा: 'हे काम तुमच्या खात्याला दिलेलं नाही, सचिवांशी बोला.' त्याला पुन्हा लॉगिनच्या पानावर ढकलू नका, माणूस तीन वेळा पासवर्ड टाकतो आणि मग पासवर्ड चुकला म्हणून तक्रार करतो.

आणि अशा ठिकाणी एक्झिट, म्हणजे पीएचपीला तिथेच थांबवणारा शब्द, लिहा. हे मी हात धरून सांगेन इतकं महत्त्वाचं आहे. लॉगिनकडे पाठवणारा लोकेशनचा हेडर (हा मेनूच्या हेडर फाईलपेक्षा वेगळा) पाठवला म्हणजे पीएचपी थांबत नाही. तो फक्त ब्राउझरला निरोप असतो की तिकडे जा. खालचा कोड चालूच राहतो, क्वेरी चालतात, डिलीटसुद्धा चालतं, आणि सगळं पान निरोपाच्या मागोमाग बाहेर जातं. ब्राउझर निरोप पाळतो म्हणून आपल्याला ते दिसत नाही. एका पतसंस्थेसाठी दुसऱ्या कोणी केलेलं काम माझ्याकडे दुरुस्तीला आलं होतं. मी कमांड लाईनवरून, लॉगिन न करता, खातेदारांच्या यादीचं पान मागवलं. पहिल्या ओळींत लॉगिनकडे जा असं लिहिलेलं आलं आणि त्याखाली सगळ्या खातेदारांची नावं आणि शिल्लक. ब्राउझरमध्ये ते पान अगदी चोख लॉगिनवर जात होतं, म्हणून कित्येक वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. एक शब्द राहिला होता.

पानांबरोबर, जी पानं वाटत नाहीत त्यांनाही कुलूप लावा. फॉर्म सबमिट होतो ती फाईल, एजॅक्सनं (पान पुन्हा न उघडता मागून) माहिती आणणारी फाईल, एक्सेल काढणारी, पीडीएफ छापणारी. मेनूत यांची ओळ नसते म्हणून यांची आठवण राहत नाही. आणि फॉर्म दाखवताना चेक केला म्हणून सबमिटला सोडू नका, सबमिट ही वेगळी विनंती आहे आणि ती फॉर्म न उघडताही पाठवता येते.

इथपर्यंत आलात की रोलचं काम झालं, पण तुमच्या ॲप्लिकेशनला त्यापुढची एक पायरी लागेल, कारण एकाच सर्व्हरवर अनेक संस्था आहेत. 'बिल पाहणे' ही परवानगी दोन्ही गावांच्या सचिवांकडे आहे. समजा एकानं पत्त्यातला बिल क्रमांक ४१७ चा ४१८ केला आणि ४१८ शेजारच्या गावचं निघालं. परवानगी तपासणारं फंक्शन हो म्हणेल, कारण त्याला बिल पाहता येतंच. हे रोलनं सुटत नाही. प्रत्येक क्वेरीत संस्था क्रमांकाची अट हवी आणि तो क्रमांक सेशनमधून घ्यायचा, पत्त्यातून किंवा फॉर्ममधल्या लपवलेल्या रकान्यातून नाही. सभासदाच्या बाबतीत आणखी एक अट, सभासद क्रमांकाची. अशा वेळी मी ४०३ ऐवजी ४०४ (असं काही सापडलं नाही) देतो. ४०३ म्हणजे असं बिल आहे पण तुम्हाला नाही, आणि तेवढंही शेजारच्या गावाला कळायचं कारण नाही. एचटीटीपीच्या (ब्राउझर-सर्व्हरच्या संवादाच्या) अधिकृत मानकातही अशी मुभा दिलेली आहे.

सेशनचं आता. तुम्ही लॉगिनच्या वेळी रोल सेशनमध्ये टाकता आणि नंतर तोच वापरता. संस्थेची निवडणूक झाली, चेअरमन बदलला, तुम्ही टेबलमध्ये रोल काढून घेतला. जुन्या चेअरमनचं सेशन जिवंत असेल तर त्याचा मेनूही जुना आणि परवानग्याही जुन्या. पीएचपीत सेशनचं मूळ आयुष्य १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं असतं, पण माणूस काम करत राहिला तर ते पुढे सरकत राहतं, शिवाय आपण लोकांच्या सोयीसाठी ते वाढवून ठेवलेलं असतं. म्हणून सेशनमध्ये फक्त युजरचा क्रमांक ठेवा. परवानग्या दर विनंतीला डेटाबेसमधून एकदाच आणा आणि त्या विनंतीपुरत्या हाताशी ठेवा. टेबलांचे इंडेक्स नीट असतील तर ही क्वेरी इतकी लहान आहे की दूध संस्थेच्या भारात तिचा खर्च जाणवत नाही. मेनूत पंचवीस ओळी असल्या तरी डेटाबेसला पंचवीस वेळा विचारायचं नाही, एकदाच सगळ्या परवानग्या आणायच्या आणि मग ॲरेत शोधायचं.

लॉगिन झाल्याबरोबर सेशनचा आयडी बदला, त्यासाठी सेशन-रीजनरेट-आयडी आहे. संस्थेत एकच कॉम्प्युटर दोघं-तिघं वापरतात, म्हणून लॉगआउटला सेशन पुरतं मोडा, आणि लॉगिनमागच्या पानांना कॅश-कंट्रोलमध्ये नो-स्टोअर (हे पान साठवून ठेवू नको हा ब्राउझरला निरोप) पाठवा. नाहीतर सचिव लॉगआउट करून चहाला जातो आणि पुढचा माणूस मागे जाण्याचं बटण दाबून त्याचं शेवटचं पान बघतो.

फ्रेमवर्कबद्दल थोडंच सांगतो, कारण तुम्ही साध्या पीएचपीत आहात आणि एवढ्यासाठी सगळं पुन्हा लिहा असं मी म्हणणार नाही. लारावेल या फ्रेमवर्कमध्ये परवानगी तपासायला गेट आणि पॉलिसी आहेत आणि त्याच्या ब्लेड टेम्प्लेटमध्ये मेनूच्या ओळीभोवती लावायला कॅन आहे. सिम्फनी या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये हेच काम व्होटर करतात. तत्त्व वर सांगितलं तेच. वर्डप्रेसवाल्यांसाठी मात्र एक सूचना: इज-ॲडमिन या फंक्शनच्या नावावर जाऊ नका. माणूस ॲडमिन आहे का हे ते सांगत नाही, मागितलेलं पान ॲडमिन विभागातलं आहे का एवढंच सांगतं. तिथे करंट-युजर-कॅन वापरायचं, आणि तेही रोलचं नाव देऊन नाही, कामाचं नाव देऊन.

तुमचं सॉफ्टवेअर चालू आहे, तेव्हा एका दमात सगळं बदलू नका. आधी पाच टेबलं करा आणि आत्ताचे चार रोल जसेच्या तसे त्यात भरा. मग ते फंक्शन. मग पैशाला हात लावणाऱ्या पानांना कुलूप: दरपत्रक, नोंद दुरुस्ती, बिल तयार करणे, बिल मंजूर करणे, उधारी. एवढं आधी सर्व्हरवर जाऊ दे, मेनू जुनाच राहिला तरी चालेल. बाकीची पानं, एजॅक्स आणि छपाईच्या फायली त्यानंतर. मेनूची एक यादी आणि एक हेडर सगळ्यात शेवटी. हे सगळं दहा दिवसांचं बिल निघून गेल्यावरच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढवा, बिलाच्या आदल्या रात्री नको.

तपासणीसाठी एक तक्ता करा. उभ्यात सगळे पत्ते, आडव्यात सगळे रोल, शिवाय सचिव-टेस्टर असा जोडरोल आणि लॉगिन नसलेला माणूस. प्रत्येक घरात अपेक्षित उत्तर लिहा: उघडेल, ४०३, किंवा लॉगिनकडे. मग प्रत्येक रोलचं खरं खातं काढून प्रत्येक पत्ता हातानं टाईप करून बघा, मेनूवर क्लिक करून नाही. मी पहिल्यांदा असा तक्ता भरला तेव्हा अर्धा दिवस गेला होता, आता त्याची छोटी स्क्रिप्ट आहे आणि प्रत्येक बदलानंतर ती चालवतो.

टेस्टरच्या खात्यानं दरपत्रकाचा पत्ता टाकल्यावर ४०३ आला, सचिव-टेस्टरला दोन्हीकडच्या ओळी एकाच मेनूत दिसल्या आणि ऑडिटरचा रोल एकही नवी पीएचपी फाईल न करता उभा राहिला, की जुन्या चारही हेडर फायली डिलीट करा. तक्त्यात कुठे अडलं तर तो पत्ता, रोल आणि काय उत्तर आलं एवढं लिहून कळवा, बघू.